बदललेलं उत्तर हरवतं तेव्हा: सराव-परीक्षेतल्या चार रेडिओ बटणांचं प्रकरण

सराव-परीक्षेचा निकाल लागला आणि बारावी सायन्सची काही मुलं तक्रार घेऊन आली. त्यांनी सोडवलेले प्रश्न निकालात 'न सोडवलेला' असे आले होते. सगळ्यांचे नाहीत, कुणाचा एक, कुणाचे दोन-तीन. बाकीचा पेपर जसाच्या तसा बरोबर होता. परीक्षा जेईई मेनच्या धर्तीवर घेतली होती: बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर उणे १, सोडून दिलं तर शून्य. म्हणजे एक बरोबर उत्तर गायब झालं की चार गुण गेले. वर्षभर घासणाऱ्या मुलांना 'नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम असेल' असं सांगून परत पाठवणं मला पटणारं नव्हतं.

परीक्षेचा प्रोग्राम आमच्या तंत्रनिकेतनातल्या तृतीय वर्षाच्या तीन विद्यार्थिनींनी प्रकल्प म्हणून केला होता. भाषा जावा, पडद्यासाठी स्विंग (खिडक्या आणि बटणं काढणारा जावाचा संच), लॅबच्या लॅनवर एक सर्व्हर आणि त्यावर डेटाबेस. आवारातल्याच कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं तो वापरत होती. पडद्याची मांडणी ओळखीची: डावीकडे प्रश्न, त्याखाली अ, ब, क, ड अशी चार रेडिओ बटणं (एका वेळी एकच निवडायची गोल बटणं), खाली 'पुढे', 'मागे' आणि 'उत्तर पुसा', उजवीकडे प्रश्नक्रमांकांची जाळी. सोडवलेला क्रमांक हिरवा, उघडून सोडून दिलेला लाल. मुलींनी काम मनापासून केलं होतं. प्रत्येक क्लिकला उत्तर लगेच सर्व्हरवर जाईल अशी सोयही केली होती, कारण मध्येच वीज गेली तर कुणाचं नुकसान नको. गंमत म्हणजे दोष नेमका या चांगल्या हेतूच्या वाटेवर सापडला.

पहिला संशय अर्थातच नेटवर्कवर गेला. पण नेटवर्कने उत्तरं गिळली असती तर कुठलीही गिळली असती. तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला आम्ही एकच प्रश्न विचारला: त्या प्रश्नावर तू नेमकं काय केलंस? एक मुलगी म्हणाली, "सर, मी आधी ब केलं होतं, मग विचार करून ड केलं. ड सिलेक्ट झालेलं दिसत होतं, नंबर पण हिरवा झाला होता." दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. हरवलेलं प्रत्येक उत्तर हे बदललेलं उत्तर होतं. ज्यांनी एकदाच क्लिक करून पुढचा प्रश्न गाठला, त्यांचं एकही उत्तर गेलं नव्हतं. उलट बाजूने मात्र हे खरं नव्हतं: बदललेली बहुतेक उत्तरं सुखरूप पोचली होती, थोडीच गेली होती.

कधीतरीच घडणारा, आणि तोही एका विशिष्ट कृतीनंतरच घडणारा दोष दिसला की क्रमाचा घोळ आहे असं समजून शोधायला लागावं. आम्ही एका मशीनवर प्रोग्राम उघडला, उत्तर साठवणाऱ्या फंक्शनमध्ये एक छापणारी ओळ घातली, अ वर क्लिक केलं आणि मग ब वर. अ ला एक ओळ आली: 'अ'. ब ला दोन ओळी आल्या: आधी 'न सोडवलेला', मग 'ब'. एका क्लिकला दोन साठवण्या, आणि त्यातली पहिली रिकामी.

हे का होतं, ते स्विंगच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. रेडिओ बटणं एकमेकांना आपोआप बंद करत नाहीत. चार सुटी बटणं पॅनेलवर ठेवली तर चारही एकदम निवडता येतात. ती एकमेकांना बांधते बटनग्रुप नावाची वस्तू. ती पडद्यावर दिसत नाही, जागा घेत नाही. तिचं काम एवढंच की सध्या निवडलेलं बटण कोणतं, हे लक्षात ठेवायचं आणि नवीन निवडलं गेलं की जुन्याला सोडायला लावायचं. ब वर क्लिक झाल्यावर क्रम असा असतो: ग्रुप आपल्या नोंदीत 'आता ब' असं लिहितो; मग अ ला 'तू सुटलास' असं सांगतो; अ सुटतो आणि तशी घटना जाहीर करतो; त्यानंतर ब ची स्थिती बदलते आणि ब आपली घटना जाहीर करतो. म्हणजे अ च्या घटनेला उत्तर देणारा कोड चालू असताना अ बंद झालेला असतो आणि ब अजून चालू झालेला नसतो. त्या क्षणी चारही बटणांना 'तू निवडलेला आहेस का?' असं विचारलं तर चारही जण नाही म्हणतात.

जुन्या मोटारींमधल्या रेडिओच्या दाबायच्या बटणांनाही हा क्षण होता. एक आत जाताना आधीचं बाहेर उडायचं, आणि अर्धवट दाबून सोडलं तर सगळीच बाहेर राहायची.

विद्यार्थिनींच्या कोडमध्ये चारही बटणांवर आयटमलिसनर, म्हणजे बटणाची स्थिती बदलली की चालणारा कोड, लावलेला होता. हा लिसनर दोन्ही घटना ऐकतो, निवडलं गेल्याची आणि सुटल्याचीही. प्रत्येक घटनेला साठवणारं फंक्शन चालायचं, ते चार बटणांवरून फिरायचं, निवडलेलं सापडलं तर त्याचं अक्षर घ्यायचं आणि काहीच सापडलं नाही तर 'न सोडवलेला' असं धरायचं. पहिल्या क्लिकला जुनं बटण नसतंच, त्यामुळे एकच घटना येते आणि सगळं सुरळीत चालतं. उत्तर बदललं की मात्र मधला रिकामा क्षण पकडला जातो आणि खरं उत्तर म्हणून सर्व्हरकडे रवाना होतो.

तरीही दुसरी साठवण लगेच मागून येते, मग बिघडलं कुठे? स्विंगमध्ये पडद्याचं सगळं काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामं करणाऱ्या एकाच धाग्यावर, चालतं. तिथेच डेटाबेसची वाट बघत बसलं तर खिडकी गोठते. म्हणून मुलींनी प्रत्येक साठवण पडद्यामागे काम करणाऱ्या स्विंगवर्करमध्ये टाकली होती, आणि ते पाठ्यपुस्तकाला धरूनच होतं. पण स्विंगवर्कर एकावेळी दहापर्यंत थ्रेड वापरतो. रिकामी साठवण एका थ्रेडवर, ब ची दुसऱ्यावर, दोन्ही एकाच वेळी लॅनवर. बहुतेक वेळा आधी निघालेली आधी पोचते. क्वचित नाही पोचत. आणि सर्व्हर शेवटी आलेली नोंद खरी मानतो. पडद्यावरची जाळी त्याच एका थ्रेडवर क्रमाने रंगत असल्यामुळे मुलांना हिरवा रंगच दिसायचा. मुलं खरंच सांगत होती.

दोन दोष एकमेकांवर चढले होते. एकटा क्रमाचा घोळ असता तर फार तर जुनं उत्तर राहिलं असतं. एकटा रिकामा क्षण असता तर तो पुढच्याच नोंदीने झाकला गेला असता, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

आता 'न सोडवलेला' ही नोंद साठवणाऱ्या फंक्शनमध्ये आली कशी, हे सांगायला हवं, कारण माझ्या मते प्रकरणाचं मूळ तिथे आहे. रेडिओ बटणांचा रिवाज असा की एकदा निवड केली की दुसरी करता येते, पण 'काहीच नाही' कडे परत जाता येत नाही. बऱ्याच ठिकाणी हे चालून जातं. उणे गुण असलेल्या परीक्षेत चालत नाही. तिथे उत्तर मागे घेणं हा मुलाचा हक्क आहे. म्हणून 'उत्तर पुसा' हवंच. मुलींनी आधी साधा उपाय केला: बटण निवडायच्या किंवा सोडायच्या सेटसिलेक्टेड या आज्ञेतून निवडलेल्या बटणाला 'खोटं' पाठवलं. काही झालं नाही. एरर नाही, सूचना नाही, बटण आपलं निवडलेलंच. कारण ग्रुपमधलं बटण अशा वेळी ग्रुपला विचारतं, आणि ग्रुप 'सोडा' ही विनंती मनावर घेतच नाही. तो फक्त 'याला निवडा' एवढंच ऐकतो.

स्विंग जावाच्या मुख्य संचात १९९८ साली, जावा १.२ बरोबर आलं. निवड पुसण्यासाठी बटनग्रुपमध्ये क्लिअरसिलेक्शन ही सोय आली २००६ साली, जावा ६ मध्ये. मधली आठ वर्षं प्रोग्रामर एक युक्ती वापरत होते: ग्रुपमध्ये पाचवं बटण घालायचं, ते पडद्यावर ठेवायचंच नाही, आणि पुसायचं असेल तेव्हा ते निवडायचं. मला ती युक्ती कधीच ओंगळ वाटली नाही. ती एक खरी गोष्ट मान्य करते: 'उत्तर नाही' हीसुद्धा अ, ब, क, ड सारखीच एक स्थिती आहे आणि तिला स्वतःची जागा लागते. विद्यार्थिनींनी क्लिअरसिलेक्शन वापरलं, ते योग्यच. पण ती स्थिती त्यांनी कुठे लिहून ठेवली नाही. चारही बटणं बंद असण्यावरून ती ओळखायची असं ठरवलं. आणि बटणं दोन अगदी वेगळ्या कारणांनी बंद असू शकतात: मुलाने उत्तर पुसलं म्हणून, किंवा एका उत्तरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या मधला क्षण आहे म्हणून. बटणांकडे बघून हा फरक सांगता येत नाही.

याच गैरसमजातून आणखी एक गुंता आधीच झाला होता. मागच्या प्रश्नावर परत गेलं की तिथलं उत्तर रिकामं दिसायचं. प्रोग्राम प्रश्न बदलताना आधीची निवड पुसायचा, पुसल्याची घटना यायची, साठवणारं फंक्शन चालायचं आणि नव्या प्रश्नाच्या खात्यात रिकामं उत्तर लिहायचं. हे चाचणीत लगेच दिसलं, तेव्हा मुलींनी 'लोडिंग' नावाचा एक झेंडा लावला: प्रश्न भरत असताना तो वर, आणि तो वर असेल तर साठवायचं नाही. लक्षण गेलं. असा झेंडा कोडमध्ये दिसला की मी थांबून बघतो. तो लागतो याचा अर्थ पडद्यावरची बटणं हीच माहितीची मूळ प्रत समजली जाते आहे, आणि त्यांना हात लावला की माहिती बदलते.

दुरुस्तीसाठी तीन सूचना आल्या. एकीने सुचवलं, प्रत्येक घटनेनंतर थोडं थांबू आणि मग साठवू, म्हणजे रिकामा क्षण निघून जाईल. दुसरी म्हणाली, रिकामं उत्तर साठवायचंच नाही. दुसऱ्या सूचनेने 'उत्तर पुसा' निकामी झालं असतं. पहिलीने दोष विरळ झाला असता आणि शोधायला आणखी अवघड. शिवाय वेळ संपायच्या शेवटच्या क्षणी दिलेलं उत्तर त्या थांबण्यात अडकलं असतं, आणि परीक्षेत घाई नेमकी तेव्हाच असते.

तिसरी सूचना आम्ही घेतली, पण तिलाही एक वळसा पडला. आयटमलिसनर काढून अॅक्शनलिसनर लावायचा. तो क्लिक पूर्ण झाल्यावर, दोन्ही बटणांची स्थिती बदलून झाल्यावर, एकदाच चालतो; प्रोग्रामने स्वतः बटण बदललं तर चालत नाही. दिसायला अगदी हवं तसं. माउसने सगळं नीट चाललं. मग मी माउस बाजूला ठेवायला सांगितला आणि बाणाच्या कळांनी निवड खाली-वर करून पाहायला लावलं. बटणं सरकत होती, नोंद एकही होत नव्हती. लॅबमधल्या जावात बाणाच्या कळा पुढच्या बटणावर जाऊन सेटसिलेक्टेडनेच ते निवडतात, क्लिक होतच नाही, आणि म्हणून अॅक्शनची घटनाही येत नाही. माउस न चालणाऱ्या मशीनवर बसलेला किंवा कीबोर्डवरच भिस्त असलेला विद्यार्थी या दुरुस्तीनंतर अख्खा पेपर कोरा देऊन उठू शकला असता. जुन्या कोडमध्येही बाणांचा प्रवास अंगावर येणारा होता: अ वरून ड वर जाताना ब आणि क वाटेत निवडले जातात, म्हणजे सहा घटना, सहा साठवण्या, सहाही एकमेकींच्या पुढे धावणाऱ्या.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका यादीत, एकाच जागी. त्याच्या शक्य किमती पाच: अनुत्तरित, अ, ब, क, ड. अनुत्तरित ही नावानिशी पहिली किंमत. उणे एक किंवा नल (जावातलं 'काहीच नाही') नाही. बटणांनी उत्तर सांगायचं नाही, फक्त दाखवायचं. दाखवणारं फंक्शन यादीतली किंमत वाचतं आणि त्याप्रमाणे एक बटण निवडतं किंवा निवड पुसतं. उलट दिशेने फक्त एकच बातमी येते: 'मी निवडला गेलो'. आयटमलिसनर परत आला, पण सुटल्याची घटना तो पहिल्याच ओळीत सोडून देतो. निवडल्याची घटना आली की ज्या बटणाने ती पाठवली त्याचं अक्षर घेतो, चारही बटणांवरून फिरत नाही. ते अक्षर यादीतल्या किमतीइतकंच असेल तर काही करत नाही. वेगळं असेल तरच यादी बदलतो आणि साठवायला पाठवतो. 'उत्तर पुसा' हे बटण थेट यादीत अनुत्तरित लिहितं आणि मग दाखवणाऱ्या फंक्शनला हाक मारतं.

यामुळे लोडिंगचा झेंडा आपोआप गळाला. प्रश्न बदलताना चालू प्रश्नाचा क्रमांक आधी बदलतो, मग बटणं. निवडल्याची घटना आली तरी तिचं अक्षर यादीशी जुळतं, म्हणून काहीच साठवलं जात नाही. मुलींना सगळ्यात जास्त आनंद हा झेंडा काढून टाकताना झाला.

एक किरकोळ पण नेहमी अडखळवणारी गोष्ट इथेच सांगतो. ग्रुपकडून निवडलेल्याची माहिती मागितली तर तो बटण देत नाही, बटणाचं मॉडेल, म्हणजे त्याची स्थिती सांभाळणारी आतली वस्तू, देतो. त्या मॉडेलला अॅक्शनकमांड (बटणाला नेमून दिलेली ओळख) विचारली आणि ती आपण आधी ठरवून दिलेली नसेल, तर उत्तर नल येतं. बटणाला विचारलं तर त्याच्यावरचा मजकूर मिळतो, मॉडेलला विचारलं तर नाही. चारही बटणांना अक्षरं सुरुवातीलाच नेमून दिली की हा प्रश्न उरत नाही, आणि पर्यायांचा मजकूर किंवा भाषा बदलली तरी साठवलेलं उत्तर तेच राहतं.

साठवणीचा क्रम वेगळा सोडवावा लागला. स्विंगवर्करऐवजी एकच थ्रेड असलेला एक्झिक्युटर लावला, म्हणजे साठवण्या रांगेत एकामागून एक जातात. त्याशिवाय प्रत्येक नोंदीबरोबर त्या मशीनचा चढता क्रमांक जातो आणि लहान क्रमांकाची नोंद उशिरा आली तर सर्व्हर ती अंतिम धरत नाही. बटणांचा दोष गेल्यावर याची गरज आहे का, असं मला विचारलं गेलं. आहे. मूल ब वरून ड वर भरकन जाऊ शकतं, आणि तिथेही नंतरचं उत्तर आधी पोचू शकतं.

हा दोष स्विंगपुरता आहे असं समजू नये. क्यूटी या पडदे बांधायच्या दुसऱ्या संचातही बटणांचा ग्रुप असतो. त्याची टॉगलची, म्हणजे स्थिती पालटल्याची, घटना सुटलेल्या आणि निवडलेल्या दोन्ही बटणांसाठी येते, आणि निवड पुसायची तर ग्रुपची 'एकच' ही अट काढून, बटण बंद करून, अट पुन्हा लावावी लागते. जावाएफएक्स या जावाच्याच स्विंगनंतरच्या संचात टॉगलग्रुपला निवडलेलं काहीच नसेल तर नल मिळतो. तिथे साधं टॉगल बटण पुन्हा दाबून सोडता येतं, रेडिओ बटण नाही. वेब पानावर एकाच फॉर्ममधली एकाच नावाची रेडिओ बटणं आपोआप गट होतात आणि बदलाची घटना फक्त नव्याने निवडलेल्यावर येते, त्यामुळे रिकाम्या क्षणाचा त्रास तिथे नाही. पण काहीच निवडलेलं नसेल तर फॉर्म पाठवताना त्या नावाचा उल्लेखसुद्धा जात नाही. मला या बाबतीत पायथन भाषेतला पडद्याचा संच, टीकेइंटर, आवडतो. तिथे सगळी बटणं एका सामायिक व्हेरिएबलला जोडलेली असतात, आणि खरं काय ते व्हेरिएबल सांगतं. फक्त ते कोऱ्या अक्षरमाळेने (रिकाम्या मजकुराने) सुरू केलं तर चारही बटणं अर्धवट निवडल्यासारखी दिसतात, म्हणून 'अनुत्तरित'साठी वेगळी किंमत ठेवावी.

उरले होते झालेल्या परीक्षेचे गुण. इथे विद्यार्थिनींचा एक जुना निर्णय उपयोगी पडला: डेटाबेसमध्ये उत्तर बदलताना जुनी ओळ खोडायची नाही, नवी घालायची. त्यामुळे हरवलेली उत्तरं तिथेच होती, फक्त रिकाम्या नोंदीच्या आधीच्या ओळीत. मुलाने खरोखर उत्तर पुसलं असेल तर रिकामी नोंद एकटी येते; बदलाची असेल तर तिच्या अगदी लगत अक्षराची नोंद असते. या जोड्या शोधून उत्तरं परत लावली. बाणाच्या कळांनी लागोपाठ सरकवलेल्या मोजक्या प्रश्नांत शेवटचं अक्षर कोणतं हे क्रमावरून ठरवता येत नव्हतं. तिथे अंदाज करायचा नाही असं शिक्षकांनी ठरवलं आणि ते प्रश्न त्या मुलांच्या एकूण गुणांतून वगळले. सुधारित यादी लागली.

त्यानंतरच्या आवृत्तीत 'पुन्हा पाहण्यासाठी खूण' ही सोय घालायची होती, आणि ती पाचवं रेडिओ बटण म्हणून त्याच गटात टाकावी असा एक विचार पुढे आला. मी विरोध केला. जेईई मेनच्या पडद्यावर उत्तर देऊनही प्रश्नाला खूण करता येते, आणि तसं उत्तर तपासलं जातं. खूण आणि उत्तर एकमेकांना वगळत नाहीत. ती गटात टाकली असती तर खूण करताच उत्तर सुटलं असतं. मुलींनी तिच्यासाठी वेगळा चेकबॉक्स केला, यादीत वेगळा रकाना केला, आणि तो बटनग्रुपच्या बाहेर ठेवला.